बारा फंक्शनांचा कागद

सदर व्यक्तीचे वर्णन, आस्थापनेच्या नोंदवहीनुसार : स्त्री. वय एक्कावन्न. उंची मध्यम. चष्मे दोन, पैकी एक नाकावर व एक केसांत. ओळखीची खूण : उजव्या तर्जनीवर भाजल्याचा व्रण, कारण, वाफ जाण्याआधी कुकरचे झाकण उघडणे, प्रकार एकाहून अधिक वेळा घडलेला. हुद्दा : प्रमुख, जोडणी विभाग. विभागातील कर्मचारी : एक, प्रमुख धरून. कामाचे स्वरूप : डीबगर व प्रोसेसर सिम्युलेटर यांमधील इंटरफेस आखणे. सदर इंटरफेस बारा फंक्शनांचा, एका पानावर मावणारा, अंतिम व अपरिवर्तनीय असून त्यावर सर्व संबंधितांच्या सह्या झालेल्या आहेत. वर्तणूक : समाधानकारक. शेरा : प्रश्न फार विचारतात.

या शेऱ्यामुळे कचेरीत तिचं नाव चौकशी पडलं. समोर चौकशीबाई, पाठीमागे नुसतंच चौकशी. तिने ते मनावर घेतलं नाही. फक्त कोणी ठेवलं, केव्हा ठेवलं आणि आधी दुसरं कुठलं सुचलं होतं का, एवढं चारपाच जणांना विचारून घेतलं.

तिला एका जागी बसवत नसे. झाकण दिसलं की उघडायचं, लोटलेलं दार दिसलं की ढकलून बघायचं, लिफ्टचं बटण पेटलेलं असलं तरी आपणही एकदा दाबायचं. चहाचं आधण आलं का हे ती इतक्यांदा झाकण काढून बघे की त्याला यायला दुप्पट वेळ लागे, आणि मग एवढा वेळ का लागतोय म्हणून ती पुन्हा झाकण काढी.

कंपनी एक प्रोसेसर बनवत होती. बनवत होती म्हणजे तो अजून नव्हता. तो हातात यायला वर्ष होतं, पण त्याच्यावर चालायचे प्रोग्राम आत्तापासून लिहायला हवे होते. म्हणून तळमजल्यावरच्या मंडळींनी त्या नसलेल्या प्रोसेसरचं सोंग वठवणारा एक प्रोग्राम तयार केला. तो सिम्युलेटर. त्यांना सगळे सोंगवाले म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींकडे डीबगर होता. चालता प्रोग्राम मधेच अडवायचा, त्याचे खिसे उलटे करायचे, काय सापडतं ते स्क्रीनवरच्या खिडकीत मांडायचं, हे डीबगरचं काम. ते झडतीवाले. सोंगवाले आणि झडतीवाले यांच्यातून विस्तव जात नव्हता. कारण विचारलं तर दोन्ही मजले वेगवेगळं सांगत आणि दोन्ही खरं वाटे.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या जिन्याच्या वळणावर, पूर्वी जिथे झाडू आणि बादल्या ठेवत तिथे, चौकशीचं टेबल होतं. वरच्यांनी खालच्यांना काय आणि कोणत्या शब्दांत विचारायचं, खालच्यांनी काय उत्तर द्यायचं, हे ठरवून देणं तिच्याकडे. अशा एकेका ठरलेल्या हुकमाला फंक्शन म्हणायचं. चाल. थांब. एक पाऊल टाक. रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरचा खिसा, वाच; रजिस्टर लिही. मेमरी वाच, मेमरी लिही. अमुक ठिकाणी थांबा लाव, थांबा काढ. पहिल्यापासून सुरू कर. का थांबलास ते सांग. तू कोण ते सांग. झाली बारा.

पहिल्या खर्ड्यात तेरा होती. तेरावं होतं 'डोकाव' : मेमरीत काय आहे ते सांग, पण कशाला हात लावू नकोस. संचालकांनी खर्डा वाचला नाही, उलटून बघितला. मागच्या बाजूला दोन ओळी आल्या होत्या.

"एका पानात बसवा," संचालक म्हणाले. "जे एका पानात मावत नाही ते माणसाच्या डोक्यात मावत नाही."

चौकशीने आठवडाभर त्या कागदावर येरझारा घातल्या. अक्षर बारीक केलं, समास कमी केला. शेवटी तिने 'डोकाव' वर काट मारली. 'वाच' आहेच की. वाचणं ते वाचणं, त्यात दोन प्रकार कसले? सगळ्यांनी सह्या केल्या. संचालकांनी कागदाला चौकट करवली आणि स्वागतकक्षात, कुंडीच्या वर, टांगला. येत्या शुक्रवारी इंटरफेसवर शेवटची मोहोर उठायची होती. त्यानंतर बदल नाही, म्हणजे नाहीच.

त्याच शुक्रवारी पंपवाल्याचाही निकाल लागायचा होता.

पंपवाला म्हणजे एक अडतिसाव्या वर्षीच निम्मे केस गेलेला, पापभीरू प्रोग्रामर. हॉस्पिटलात औषध थेंबाथेंबाने शरीरात सोडणारा एक पंप असतो. त्या पंपावर हाच नवा प्रोसेसर बसणार होता, आणि त्याचा प्रोग्राम हा लिहीत होता. पंपाला एक तांबडं बटण होतं. दाबलं की पंप तत्क्षणी थांबला पाहिजे. प्रोसेसर आखणाऱ्यांनी सोय अशी केली होती की बटण दाबलं की मेमरीतल्या एका ठरलेल्या घरात शून्याचा एक व्हावा. प्रोग्रामने ते घर वाचलं की एकाचा परत शून्य व्हावा. वाचलं की पुसलं. एकदा दाबलेलं दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून.

प्रोसेसरच अजून नसल्यामुळे पंपही सध्या स्क्रीनवरच्या सोंगातच चाले, आणि तिथे पंपवाल्याचं बटण हरवत होतं. तो दाबायचा आणि पंप ढिम्म चालू राहायचा. अकरा दिवस तो आपल्या प्रोग्रामातली चूक शोधत होता. सोंगवाल्यांचे प्रमुख, ज्यांना पूर्वी कुठल्याशा शाळेत गणित शिकवल्यामुळे सगळे मास्तर म्हणत, दोनदा येऊन बघून गेले. दोन्ही वेळा बटण दहापैकी दहा वेळा चाललं. मास्तरांनी शेरा लिहिला : 'दोष आढळला नाही. कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.' हॉस्पिटलच्या कामात निष्काळजीपणाचा शेरा म्हणजे माणूस घरी.

बुधवारी दुपारी पंपवाला जिन्याच्या वळणावर आला आणि बसायला खुर्ची नसल्यामुळे पायरीवर बसला.

"बाई, मला वेड लागायच्या आत एक सांगा. दाबलेलं बटण जातं कुठे?"

"किती वेळा जातं?"

"आधी दहातनं तीनदा जायचं. मास्तर आले की एकदाही नाही."

"बटणालासुद्धा धाक आहे म्हणायचा त्यांचा."

"चेष्टा करू नका हो. परवा घरी जायचंय मला, कायमचं. बायकोला अजून सांगितलं नाहीये."

"मास्तर आले की तू वेगळं काय करतोस?"

"काही नाही. टेबल आवरतो. स्क्रीनवरच्या चारदोन खिडक्या बंद करतो. एवढा मोठा माणूस येणार, पसारा कशाला दाखवायचा?"

"आणि एरवी?"

"एरवी डोळ्यांत तेल घालून त्या घरावर खिडकी लावून बसतो. एक झालाय का, एक झालाय का. एकीने भागेना म्हणून सोमवारी दुसरी लावली. तर आता सहा जातात."

"वाढतंय म्हणजे."

"मीच बिघडत चाललोय म्हणजे."

चौकशीने केसांतला चष्मा नाकावर आणि नाकावरचा केसांत घातला. तिच्या स्वभावाला जे सुचायचं तेच सुचलं.

"तू नीट बघत नाहीयेस," ती म्हणाली. "तिसरी खिडकी लाव."

तो उठला आणि तिसरी खिडकी लावायला गेला. दहातली आठ गेली.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती अस्वस्थच. घरी म्हणजे पाचव्या मजल्यावर, जिथे ती आणि अण्णा, तिचे वडील, दोघंच राहत. अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डोळ्यांच्या हॉस्पिटलने तपासून सांगितलं होतं, ऑपरेशनची तारीख पत्राने कळवू. तेव्हापासून अण्णा पत्राची वाट बघत होते. इमारतीच्या तळाशी प्रत्येक घराचा पत्र्याचा डबा होता, आणि डबा उघडणं हे अण्णांचं खातं होतं. रोज सकाळी अकराला, टोपी घालून, किल्ली घेऊन ते लिफ्टने खाली जात. पत्र नसलं की वर येऊन कॅलेंडरच्या त्या दिवसावर एक शून्य काढत. शून्यं बरीच झाली होती, एका डोळ्याने काढल्यामुळे जरा तिरकी.

डब्याला दुसरी किल्ली होती. ती चौकशीच्या पर्समध्ये. पोस्टमन दुपारी येऊन जाई आणि ती सहाला परते. डब्यासमोरून तसंच पुढे जाणं तिला शक्य नव्हतं. ती उघडायची, असेल तो गठ्ठा हातात घेऊन भराभर चाळायची. बघायचं एकच, अण्णांचं पत्र आलंय का. जाहिराती असायच्या. गालिचे धुऊन मिळतील, जुने पंखे बदलून मिळतील. ते सगळं फेकून देऊ म्हणून ती बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबायची, तेवढ्यात लिफ्ट यायची, फोन वाजायचा, आणि बॅग जायची खुंटीला.

गुरुवारी सकाळी अण्णा चहा पिताना म्हणाले, "अगं, एक गंमत सांगू का? समोरचे म्हणत होते, जाहिरातींनी त्यांचा डबा ओसंडून वाहतो. आपल्याला एक येत नाही."

"बरंय की मग."

"बरं कसलं? मी चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो हे जाहिरातवाल्यांना कळलं कसं? ह्याला आता काही विकून उपयोग नाही, असं ठरवलं असणार त्यांनी. हॉस्पिटलनेही तसंच ठरवलं असेल."

"काहीतरीच काय अण्णा. येईल पत्र."

"येईल ना. पण डबा स्वच्छ गं, रोज. धुऊन ठेवल्यासारखा. पंधरा दिवस झाले, आत धूळसुद्धा नाही."

चौकशीने कप खाली ठेवला. ती उठली, खुंटीवरची बॅग काढली आणि जेवणाच्या टेबलावर उपडी केली. गालिचे, पंखे, पुन्हा गालिचे. आणि एक लांबट पाकीट, ज्यावर एक नवरा-बायको काळे चष्मे घालून समुद्राकडे बघत हसत होते. चष्म्याच्या दुकानाची जाहिरात, असं तिला त्या दिवशी वाटलं असणार. मागच्या बाजूला डोळ्यांच्या हॉस्पिटलचा शिक्का होता.

तिने फोडलं, वाचलं. अण्णांनी चष्मा लावून हात पुढे केला.

"काय म्हणतायत?"

"तारीख दिलीय."

"कधीची?"

"मंगळवारची."

"येत्या?"

"गेल्या."

अण्णांनी पाकीट उचलून त्यावरच्या जोडप्याकडे बघितलं. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"म्हणजे पत्र आलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी रोज बघत होतो तो डबाही बरोबर होता."

"हो अण्णा. मी आधी उघडत होते. नुसतं बघायला."

"नुसतं बघायला," अण्णा म्हणाले. मग कॅलेंडरजवळ गेले आणि शून्यांकडे बोट करून म्हणाले, "ही माझी नाहीत मग. ही तुझी."

तिने तिथूनच हॉस्पिटलला फोन केला. नवी तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली. माफी मागायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघताना तिला पंपवाल्याच्या खिडक्या दिसल्या. तिन्ही.

"अण्णा, मी जाते."

"चहा राहिलाय तुझा."

"झाकून ठेवा."

कचेरीत लिफ्टची वाट न बघता ती जिन्याने चढली. पंपवाला टेबल आवरत होता. या वेळी घरी न्यायचं सामान वेगळं काढत होता.

"बस," ती म्हणाली. "सगळ्या खिडक्या बंद कर आणि दहादा दाब."

दहा दाबली, दहा चालली.

"एक उघड."

तीन गेली. दोन उघडल्यावर सहा. तिसरी उघडायची गरज नव्हती, पण चौकशीला राहवेना. आठ.

"खिडकी अर्ध्या अर्ध्या सेकंदाला आपणहून ताजी होते," ती म्हणाली. "ताजी व्हायला ते घर वाचते. माझ्या कागदावर वाचायला एकच फंक्शन आहे. सोंगाला वाटतं प्रोसेसरनेच वाचलं. वाचलं की पुसलं. तुझा प्रोग्राम तिथे पोचतो तेव्हा डबा रिकामा."

"कुठला डबा?"

"घर. घर रिकामं."

पंपवाल्याने स्क्रीनकडे बघितलं, मग तिच्याकडे. "म्हणजे मी जितकं नीट बघत होतो..."

"तितकं जास्त हरवत होतं."

"तुम्ही तर तिसरी लावायला सांगितलीत."

"हो," चौकशी म्हणाली. "तेही लिहून देते."

शुक्रवारी अकराला बैठक भरली. संचालक, मास्तर, आणि झडतीवाल्यांच्या प्रमुख, ज्यांना मालकांच्या घरातल्या असल्याने लहानथोर सगळे वहिनी म्हणत. कोपऱ्यात पंपवाला, निकाल ऐकायला. चौकशी उभीच होती. बसली असती तर पाय हललेले दिसले असते.

"चूक माझ्या कागदात आहे," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

वहिनींनी आधी हात झटकले. "आमची खिडकी फक्त बघते हं. आम्ही कशाला हात लावत नाही."

"बघणं म्हणजेच हात लावणं आहे इथे."

"मग तो खालच्यांचा दोष."

मास्तर ताडकन म्हणाले, "वाच म्हटलंय, वाचतो. कागदावर आहे ते करतो. न विचारता करायची सवय वरच्या मजल्याला आहे, आम्हाला नाही."

"भांडू नका," संचालक म्हणाले. ते विचारात पडले होते, आणि त्यांचा विचार अगदीच टाकाऊ नव्हता. "हॉस्पिटलात डीबगर असणार आहे का?"

"नाही."

"खिडक्या?"

"नाहीत."

"म्हणजे पंप निर्दोष, प्रोग्राम निर्दोष, प्रोसेसर निर्दोष. दोष फक्त बघण्यात. मग बघू नका! कागद बदलायचं कारणच उरत नाही. चौकटसुद्धा झाली आहे."

हे ऐकायला बरोबर वाटत होतं.

"ठीक," चौकशी म्हणाली. "मग ह्याचा शेरा काढा. निष्काळजीपणा नव्हता, काळजी जास्त झाली. आणि पुढच्याचाही शेरा आत्ताच काढून ठेवा. जो कोणी मन लावून बघेल त्याचं बटण हरवणार, आणि जो खिडकी न उघडता कामं उरकेल तो पास होणार. तुम्हाला हॉस्पिटलच्या पंपावर यातला कुठला माणूस हवाय?"

संचालकांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांचा शेरा, मास्तरांची सही. तेरावं फंक्शन आलं तर सोंगातल्या एकूण एक उपकरणात हात घालायचा तोही मास्तरांनीच.

"किती उपकरणं आहेत?" संचालकांनी विचारलं.

"बेचाळीस," मास्तर म्हणाले. "चार महिने जातील."

"बघा," संचालक म्हणाले.

मास्तर बघत मात्र भलतीकडेच होते. चौकशीने आणलेल्या लॅपटॉपवर पंप चालू होता, खिडकी उघडी होती. त्यांनी हात लांब करून स्क्रीनवरचं तांबडं बटण दाबलं. पंप थांबला. पुन्हा सुरू करून पुन्हा दाबलं. पंप चालूच. त्यांनी जोरात दाबलं, जणू गणितात नापास झालेल्या मुलाच्या वहीवर रेघ मारावी तसं. चालूच. एक एक थेंब पडत असल्याचा आकडा वर चढत गेला. मास्तरांच्या घरी कोण आजारी होतं, किंवा कोणी होतं का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवशी ते चौकशीनेसुद्धा विचारलं नाही.

"बेचाळीस नाहीत," मास्तर आकड्यावरची नजर न काढता म्हणाले. "वाचलं की पुसणारी नऊच आहेत. बाकीच्यांना वाचा नाहीतर डोकावा, सारखंच."

"किती दिवस?" वहिनींनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी तळमजल्याला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

"तुमची खिडकी नवं फंक्शन वापरणार असेल तर तीन आठवडे. नाहीतर जन्मभर."

"आमची एका ओळीची दुरुस्ती आहे."

"ती एक ओळ लिहायला वर किती माणसं लागतात?"

"मास्तर, तुमच्या नवांपेक्षा कमी."

संचालकांनी घड्याळ बघितलं, कागद उचलला, मागची कोरी बाजू बघितली आणि परत ठेवला. त्यांना पान उलटायचं नव्हतं. पण मास्तर आपणहून शेरा खोडत होते आणि पंपवाल्याने कोपऱ्यात चष्मा काढून तो उगाचच पुसायला घेतला होता. बैठकीच्या वृत्तांतात संचालकांनी वाक्य घातलं : 'चर्चेअंती इंटरफेसचे मूळ स्वरूप कायम ठेवण्याचे ठरले.' ते कोणी बदलायला गेलं नाही. मास्तर त्याच दुपारी कामाला लागले.

सात आठवड्यांनी अण्णांचा डोळा झाला. पट्टी सुटल्यावर त्यांनी आधी मुलीकडे बघितलं आणि ती केवढी वाळलीय म्हणाले. मग कॅलेंडरकडे बघितलं आणि शून्यं तिरकी आहेत म्हणाले. डब्याची दुसरी किल्ली आता त्यांच्याकडे असते. चौकशी संध्याकाळी सहाला येते, डब्यासमोर वाकते, फोनचा दिवा लावते आणि पत्र्याच्या फटीतून आत बघते. समोरचे एकदा म्हणाले, "बाई, उघडून बघा की सरळ." ती म्हणाली, "नको, त्याने पुसतं." समोरचे तेव्हापासून तिच्याशी जरा जपून बोलतात.

पंपवाला पंपावरच आहे. मास्तर आले की अजूनही टेबल आवरतो, खिडक्या मात्र उघड्या ठेवतो. चौकशीचं टेबल जिन्याच्या वळणावरच आहे आणि तिथे अजून खुर्ची एकच आहे. नोंदवहीत तिच्या नावापुढे एक नवा शेरा पडला आहे : 'पूर्ण झालेले काम पुन्हा उघडतात.' वर्तणूक पूर्वीप्रमाणेच समाधानकारक.

अंतिम व अपरिवर्तनीय इंटरफेसचा कागद स्वागतकक्षात कुंडीच्या वर आहे तसाच आहे. आलेल्या पाहुण्यांना संचालक तो दाखवतात. त्यावर फंक्शनं बारा आहेत.

यंत्रात तेरा आहेत.